तळघरातील शाळा व तिची मुख्याध्यापिका
अ‍ॅना कूपरबाई यांचे चरित्र

आपल्याकडे पुष्कळ खेड्यांत पहिली शाळा प्रार्थनामंदिरातच भरली, हे वडील मंडळीस ठाऊक आहे. शब्बाथ दिवशी जेथे उपासना व्हावी, तेथेच सोमवारी मुलांनी पाट्या घेऊन बसावे, आणि उपदेशकानेच शिक्षकाचेही काम करावे, अशी रीत होती. स्वतंत्र शाळागृह मागाहून उभे राहिले. कित्येक ठिकाणी ते कधीच उभे राहिले नाही. म्हणून अमेरिकेच्या राजधानीत एका प्रार्थनामंदिराच्या तळघरात सुरू झालेल्या शाळेची आणि तिच्यासाठी झटलेल्या एका बाईची हकीकत आपणांस परकी वाटणार नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णी लोकांच्या दास्याशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते त्या लोकांस दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले होते. परंतु बेडी तुटली म्हणजे मनुष्य एका दिवसात विद्वान होत नाही, व त्याला कमी लेखणारे त्याचा मत्सर करण्याचे सोडीत नाहीत. मुक्तीनंतर काय करावे लागले, हे पुढील चरित्रावरून समजेल.

अ‍ॅना ज्यूलिया हेवुड हिचा जन्म १० ऑगस्ट १८५८ रोजी उत्तर कॅरोलायना संस्थानातील रॅली या गावी झाला. आपल्या पंडिता रमाबाई त्याच वर्षी जन्मल्या. अ‍ॅनाची आई हॅना स्टॅन्ली ही हेवुड नावाच्या धनिक घराण्याची दासी होती; त्यामुळे मुलगीही जन्मतःच दासी झाली. तिचा पिता बहुधा त्या घराण्यातील गोरा धनीच होता. आईने लज्जेमुळे त्याचे नाव मुलीपाशी कधी काढले नाही. पित्याचे आपणावर जन्माखेरीज कोणतेही ऋण नाही, आणि जे काही बरे आहे ते आईचे, असे अ‍ॅना पुढे मानीत असे. त्या आईला लिहिणेवाचणे जेमतेमच येत होते. दुसऱ्यांची मुले सांभाळून तिने आपली मुले वाढवली.

१८६५ साली युद्ध संपले व दास्य नष्ट झाले. रॅली येथे एपिस्कोपल मंडळीने १८६७ साली सेंट ऑगस्टीन या नावाची शाळा काढली. मुक्त झालेल्या लोकांसाठी शिक्षक व पाळक तयार करावे, हा तिचा हेतू होता. नऊ-दहा वर्षांच्या अ‍ॅनाला तेथे शिष्यवृत्ती मिळाली. थोड्याच दिवसांत ती आपल्याहून मोठ्या विद्यार्थ्यांस धडे देऊ लागली. परंतु त्या शाळेतही एक भिंत होती. ग्रीक भाषेचा वर्ग पाळकपणाची तयारी करणाऱ्या मुलग्यांसाठी राखलेला असे. मुलींनी तो शिकून काय करावयाचे, असा सर्वांचा समज होता. अ‍ॅनाने हट्ट धरला, आणि तिला त्या वर्गात बसू द्यावे लागले. कोणत्याही मनुष्याला विद्येच्या एखाद्या दालनातून केवळ जन्मावरून बाहेर ठेवू नये, हे तिचे मत तेव्हापासून पक्के झाले.

१८७७ साली तिचा विवाह जॉर्ज कूपर या तरुणाशी झाला. तो वेस्ट इंडीज बेटांतून आलेला होता, ईश्वरविद्या शिकून पाळकाची दीक्षा घेणारा होता. दोन वर्षे संसार झाला, आणि १८७९ साली तो वारला. अ‍ॅना त्या वेळी अवघी एकवीस वर्षांची होती. तिने पुन्हा लग्न केले नाही, आणि वैधव्याचे दुःख उराशी धरून कोपऱ्यातही ती बसली नाही. ओहायो संस्थानातील ओबर्लिन कॉलेज कृष्णवर्णी लोकांस व स्त्रियांस पुष्कळ वर्षांपासून प्रवेश देत असे. तेथे १८८१ साली ती गेली. स्त्रियांसाठी ठेवलेला हलका अभ्यासक्रम न घेता पुरुषांचा अवघड अभ्यासक्रम तिने घेतला आणि १८८४ साली पदवी मिळवली. १८८७ साली गणितात एम. ए. ही पदवीही तिला मिळाली. त्याच वर्षी तिला वॉशिंग्टन शहरातून शिक्षिकेच्या जागेसाठी बोलावणे आले.

आता त्या शाळेची हकीकत सांगितली पाहिजे. वॉशिंग्टन शहरात दोन वर्णांच्या मुलांच्या शाळा निरनिराळ्या असत. कृष्णवर्णी मुलांसाठी प्राथमिक शाळा सुरू झाल्या होत्या. परंतु त्यापुढे शिकण्याची सोय नव्हती. विल्यम सायफॅक्स हे त्या शाळांच्या पंचमंडळाचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या खटपटीने १८७० साली पंधराव्या रस्त्यावरील प्रेसबिटेरियन मंडळीच्या मंदिरात, तळघरात, वरिष्ठ शाळेचा वर्ग उघडला. कृष्णवर्णी मुलांसाठी सरकारी खर्चाने चाललेले देशातील पहिले हायस्कूल ते हेच. त्याला स्वतःचे घर नव्हते. तळघरातून ते एका शाळेत, तेथून दुसरीत, मग तिसरीत असे वीस वर्षे फिरत राहिले. परंतु शिक्षकांच्या बाबतीत ते पहिल्यापासून भाग्यवान होते. मेरी जेन पॅटरसन या बाईंनी १८६२ साली ओबर्लिन येथे पदवी मिळवली होती; अमेरिकेत बी. ए. झालेली पहिली कृष्णवर्णी स्त्री ती हीच. त्या येथे अनेक वर्षे मुख्याध्यापिका होत्या. मधल्या एका वर्षी रिचर्ड ग्रीनर हे मुख्याध्यापक झाले. ते हार्वर्ड कॉलेजचे पहिले कृष्णवर्णी पदवीधर होत.

एवढे विद्वान लोक एका हायस्कुलात कसे जमले, असे कोणी विचारील. कारण दुःखाचे आहे. देशातील मोठी कॉलेजे त्यांना विद्यार्थी म्हणून कधी कधी घेत, परंतु अध्यापक म्हणून घेत नसत. इतर धंद्यांचीही दारे बहुतेक बंदच होती. वॉशिंग्टन शहरात मात्र दोन्ही वर्णांच्या शिक्षकांस सारखे वेतन मिळे. म्हणून जे कॉलेजात शिकवण्यास योग्य, ते या शाळेत मुलांना शिकवीत बसले. जगाने अन्यायाने ज्यांना दूर लोटले, त्यांचा लाभ गरीब मुलांस झाला.

१८९१ साली एम स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर या शाळेसाठी विटांची नवीन इमारत बांधण्यात आली, आणि शाळेला एम स्ट्रीट हायस्कूल हे नाव पडले. मुले धोबिणींची होती, गाडीवानांची होती, हॉटेलांतील वाढप्यांची होती. काही सरकारी कारकुनांची व पाळकांचीही होती. तेथे लॅटिन, गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी व परकी भाषा हे सर्व विषय कसून शिकवीत. १८९९ साली शहरातील हायस्कुलांची एकच परीक्षा घेण्यात आली. तीत गोऱ्या मुलांच्या तीन शाळांपैकी दोहोंना या शाळेने मागे टाकले.

कूपरबाई येथे गणित, शास्त्र व लॅटिन शिकवीत. १८९२ साली 'दक्षिणेकडील वाणी' अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णी स्त्रीला जोवर शिक्षण नाही तोवर सगळी जात वर येणार नाही, हा त्यातील मुख्य विचार होय. १९०० साली लंडन येथे आफ्रिकी वंशाच्या लोकांची परिषद भरली, तीत त्यांनी भाषण केले. मग १९०२ साली त्या एम स्ट्रीट हायस्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या.

त्यांचा नियम एकच होता. ज्याच्या अंगी बुद्धी व कष्ट आहेत, त्याला थेट उत्तम कॉलेजापर्यंत पोचवावयाचे. पूर्वी या शाळेतून उत्तीर्ण झालेल्या कित्येक मुलांस कॉलेजात जाण्यापूर्वी दुसरीकडे आणखी एखादे वर्ष तयारी करावी लागे. बाईंनी अभ्यासाची उंची वाढवली, मागे पडलेल्यांस जादा वेळ दिला, आणि हार्वर्ड, येल, ब्राउन, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, ओबर्लिन अशा कॉलेजांत मुले पाठवली. पॅरिस येथील आबे फेलिक्स क्लाइन नावाचे एक रोमन कॅथॉलिक धर्मगुरू १९०३ सालच्या सुमारास अमेरिका पाहण्यास आले असता या शाळेत येऊन गेले. बाई व्हर्जिल कवीच्या लॅटिन काव्याचा पाठ घेत होत्या. तो पाठ ऐकून ते इतके प्रसन्न झाले की, स्वदेशी गेल्यावर आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी या शाळेविषयी आवर्जून लिहिले.

परंतु ज्या गोष्टीने पाहुणा आनंदला, तीच काहींच्या डोळ्यांत सलू लागली. त्या काळी अमेरिकेत एक मोठा वाद चालू होता. टस्कीगी येथील बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र मराठीत आले असल्यामुळे त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. सुतारकी, शेती, वीटकाम असे हातचे उद्योग आधी शिकावे, असा त्यांचा उपदेश होता. त्यात पुष्कळ तथ्य होते, आणि कूपरबाई हातच्या कामाला मुळीच हीन मानीत नव्हत्या. पण त्या उपदेशाचा आधार घेऊन काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी भलताच अर्थ काढला. कृष्णवर्णी मुलाला हातचा उद्योग पुरे, लॅटिन व गणित त्याला पेलणार नाही, त्याच्यासाठी हलका अभ्यासक्रम वेगळा ठेवावा, असे ते म्हणू लागले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे त्या मताचे मोठे विरोधक. त्यांचे व्याख्यानही एम स्ट्रीट शाळेत झाले, त्यामुळे अधिकाऱ्यांची नाराजी वाढली.

पर्सी ह्यूज हे शहरातील हायस्कुलांचे गोरे संचालक होते. त्यांचे व बाईंचे पटेना. अभ्यासक्रम उतरवावा असे वरून दडपण येई. बाई तो उतरवीत ना. १९०५ साली त्यांच्याविरुद्ध शाळामंडळापुढे तक्रारी आल्या. शाळेत शिस्त नाही, मुले दारू-तंबाखूला लागली आहेत, दुर्बळ विद्यार्थ्यांविषयी बाई फाजील दयाळू आहेत, नेमलेली पुस्तके त्या वापरीत नाहीत, असे आरोप होते. एवढ्यावर भागले नाही. बाईंनी दोन पोरकी मुले पूर्वीपासून आपल्या घरी वाढवली होती. त्यांतील मुलगा मोठा होऊन याच शाळेत शिक्षक झाला होता. त्याच्या नावाने बाईंविषयी गावात कुजबुज पसरवण्यात आली. अनाथाला आसरा दिला, त्याचेच शस्त्र करून विधवेवर उगारले गेले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, त्यांच्याच वस्तीत दोन तट पडले. कोणी त्यांच्या बाजूने साक्ष दिली, कोणी विरुद्ध दिली. शेवटी १९०६ साली मंडळाने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. बाईंनी एखादा अहवाल निराळा लिहिला असता, दोन विषय कमी करण्यास संमती दिली असती, तर त्यांची खुर्ची बहुधा राहिली असती. पण मग कोणत्या मुलाला काय पेलेल, हे त्या मुलाच्या कातडीवरून ठरले असते. बाईंनी खुर्ची जाऊ दिली, अभ्यासक्रम जाऊ दिला नाही. त्या गेल्यावरही शाळेने कॉलेजाची तयारी करून घेणे सोडले नाही. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हा मुलगा पुढे याच शाळेतून १९११ साली उत्तीर्ण झाला. तो मोठा कायदेपंडित झाला, आणि शाळांतील वर्णभेद कायद्याने मोडण्याच्या लढ्याची आखणी त्यानेच केली.

बाईंनी चार वर्षे मिसूरी संस्थानातील लिंकन विद्यालयात शिकवले. १९१० साली त्यांना वॉशिंग्टनच्या त्याच शाळेत परत घेण्यात आले. मात्र मुख्याध्यापिका म्हणून नव्हे, लॅटिनची साधी शिक्षिका म्हणून. जेथे हुकूम चालवला तेथेच दुसऱ्याच्या हुकमाखाली काम करणे मानी मनुष्यास किती कठीण जाते, हे सांगावयास नको. बाईंनी ते वीस वर्षे केले.

इतक्यात शाळेलाही इमारत अपुरी पडू लागली. १९१६ साली मोठे शाळागृह बांधून विद्यार्थी तिकडे नेले, व पॉल लॉरेन्स डनबार या दिवंगत कवीचे नाव त्याला देण्यात आले. एम स्ट्रीट हायस्कूल या नावाची शाळा त्या वर्षी संपली. त्या जुन्या इमारतीत नंतर दुसऱ्या शाळा भरल्या, आणि १९८६ साली देशातील ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिची नोंद झाली. डनबारचे मोठे शाळागृह मात्र १९७७ साली पाडण्यात आले. विटा कोणत्या राहाव्या व कोणत्या जाव्या, हे मनुष्याच्या हाती थोडेच असते!

शाळेत शिकवीत असता कूपरबाईंनी स्वतः पुन्हा विद्यार्थी व्हावयाचे ठरवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत पॅरिस येथे जाऊन त्यांनी फ्रेंच भाषेचा अभ्यास केला होता. १९१४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टर पदवीसाठी त्यांनी नाव घातले. तोच १९१५ साली त्यांच्या नात्यातील पाच मुलांची आई वारली. सर्वांत थोरले बारा वर्षांचे, सर्वांत धाकटे अवघ्या काही महिन्यांचे. बाईंचे वय तेव्हा सत्तावन्न झाले होते. त्यांनी पाचही मुले आपल्या घरी आणली, आणि त्यांच्यासाठी मोठे घर विकत घेतले. कोलंबियाचा नियम होता की, विद्यार्थ्याने एक वर्ष तेथे राहिले पाहिजे. नोकरी सोडून, मुले टाकून ते कसे व्हावे? डॉक्टर पदवी दूर राहिली. पण पुस्तक मिटले नाही. मुले निजल्यावर वाचन चाले.

पुढे त्यांनी आपला अभ्यास पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठाकडे वळवला. १९२४ साली रजा घेऊन त्या पॅरिसला गेल्या. त्या तेथे दप्तरखान्यांत जुने कागद तपासीत असता, साठ दिवसांत परत न आल्यास नोकरी जाईल, असे कळले. नोकरीबरोबर निवृत्तिवेतनही गेले असते. मिळतील ते कागद उतरवून घेऊन त्या मुदतीच्या आत वर्गात हजर झाल्या, आणि प्रबंध घरी बसून पुरा केला. विषय होता, फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या काळात त्या देशाचे दास्याविषयी धोरण काय होते हा. स्वातंत्र्य व समता यांची घोषणा करणाऱ्या लोकांनी आपल्या वसाहतींतील दासांचे काय केले, हे एका जन्मदासीने फ्रेंच पंडितांपुढे त्यांच्याच भाषेत मांडले. २३ मार्च १९२५ रोजी तोंडी परीक्षा झाली व प्रबंध मान्य झाला. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. डॉक्टर पदवी मिळवणारी ती चौथी कृष्णवर्णी अमेरिकन स्त्री होय.

१९३० साली त्या शाळेतून निवृत्त झाल्या. आता तरी विसावा घ्यावा की नाही? पण वॉशिंग्टनमध्ये फ्रेलिंगहायझन नावाची एक संस्था होती. दिवसा राबणारे प्रौढ स्त्रीपुरुष तेथे रात्री शिकत. तिचे अध्यक्षपद बाईंनी घेतले. संस्थेजवळ पैसा नव्हता, भाड्याची जागाही राहिली नाही. तेव्हा बाईंनी आपल्या राहत्या घरात वर्ग बसवले. अगदीच अडाणी लोकांसाठी तेथे एक शाखा उघडली, आणि तिला आपल्या आईचे, हॅना स्टॅन्लीचे, नाव दिले. जिला लिहिणे जेमतेम येत होते त्या दासीच्या नावाने शाळा चालू झाली. पैशावाचून ती संस्था फार वर्षे टिकली नाही. तरी जितके दिवस चालली, तितके दिवस कामावरून थकून आलेल्या पुष्कळांस तेथे आसरा मिळाला.

पंधराव्या रस्त्यावरील ज्या मंदिराच्या तळघरात ही शाळा जन्मली, त्या मंदिराचे पाळक रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिम्के हे बाईंचे जुने स्नेही. तेही दास्यातच जन्मलेले, आणि पुष्कळ वर्षे त्याच मंडळीचे पाळक होते. त्या कुटुंबाच्या आठवणी बाईंनी नव्वदी ओलांडल्यावर, १९५१ साली, लिहून प्रसिद्ध केल्या. १९५४ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदेशीर ठरवला; त्या निकालांपैकी एक वॉशिंग्टन शहराच्याच शाळांविषयी होता. तो दिवस पाहण्यास बाई जिवंत होत्या. २७ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या एकशेसहाव्या वर्षी, त्या वारल्या. रॅली येथे त्यांच्या पतीच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. पंचाऐंशी वर्षांपूर्वी तो तेथे एकटा निजला होता. २००९ साली अमेरिकेच्या सरकारने त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीट काढले, आणि एपिस्कोपल मंडळी दर वर्षी २८ फेब्रुवारीस त्यांचे स्मरण करते.

या चरित्रापासून काय घ्यावे? गावोगावच्या शिक्षकबंधूंनो व उपदेशकबंधूंनो, मूल कोणाच्या घरचे, यावरून त्याच्या शिकण्याची शीव आपणच आधी आखून ठेवू नये. हे अमुकाचे पोर, याला सही करता आली म्हणजे झाले, असे शब्द दुसऱ्यांच्या तोंडून आपल्या आजोबापणजोबांनी पुष्कळ ऐकले आहेत. ते आपल्या तोंडून निघू नयेत. तसेच, पद गेले म्हणून काम टाकू नये. ज्या शाळेची मुख्याध्यापिका होती तिचीच शिक्षिका होऊन राहिलेल्या या बाईने आपले बहुतेक मोठे काम त्यानंतर केले. आणि मातांनो, आपणांस अक्षर येत नसले तरी मुलीला शाळेत धाडण्यास मागे सरू नका. हॅनाबाईंना ग्रीक म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्यांनी मुलगी शाळेत पाठवली, एवढेच केले. त्या पाठवणीपासून पुढचे सर्व झाले.

तळघरातील ती शाळा आता नाही. परंतु तेथे एकदा लावलेल्या दिव्यावरून किती दिवे लागले, याची मोजदाद कोणाला करता येईल? आपल्या गावातील लहान शाळेत आज सायंकाळी जो कंदील लागेल, त्याच्याविषयीही हेच लक्षात ठेवावे.